प्रगतिपुस्तकावर सही कुणाची?



गेल्या जूनमधली गोष्ट. शाळा सुरू होऊन तीनेक आठवडे झाले असतील. आमच्या सल्ला केंद्रात एक बाई सातवीतल्या मुलीला घेऊन आली. आपल्या नेहमीच्या शिरस्त्याप्रमाणे नाव-गाव सांगत नाही. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून ती मे महिन्यात घर सोडून निघाली होती. माहेरी गेली तर तो तिथे येऊन धिंगाणा घालणार हे ठाऊक होतं, म्हणून लांबच्या तालुक्यात एका मावशीच्या आसऱ्याला गेली, मजुरी धरली आणि मुलीला तिथल्या शाळेत घातलं. आपण कुठे आहोत हे तिनं सख्ख्या भावालाही कळवलं नव्हतं. तरी एका संध्याकाळी शाळा सुटताना नवरा फाटकापाशी उभा! "पोरीचं नाव इथं चढलंय हे गुरुजींनीच सांगितलं," असं म्हणाला आणि मुलीचा हात धरून ओढू लागला. शाळेतल्या दोन बाई धावल्या म्हणून त्या दिवशी निभावलं.

आम्ही चौकशी केली. नव्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी मुलीची नोंद आपल्याकडे घेण्यासाठी संगणकावरून विनंती पाठवली होती. ती जुन्या गावातल्या शाळेकडे गेली. तिथल्या गुरुजींना पडद्यावर नव्या शाळेचं नाव दिसलं. बाजारच्या दिवशी वाटेत बाप भेटला, तेव्हा त्यांनी सहज विचारलं, "काय हो, पोरगी तिकडं घातली वाटतं?" गुरुजींच्या मनात काही वाईट नव्हतं. नव्या शाळेनंही नियमाप्रमाणेच केलं. कुणी गुन्हा केला नाही, कुणी लाच घेतली नाही, तरीही एका बाईनं जिवाच्या कराराने राखलेलं गुपित पंधरा दिवसांत फुटलं.

पुढे पोलीस ठाणं, संरक्षण अधिकारी, न्यायालय हे सगळं झालं. त्या काळात मुलगी तीन आठवडे शाळेत गेली नाही. तिच्या नावापुढे तेवढे दिवस 'गैरहजर' अशी नोंद आहे. ती नोंद खरीच आहे. पण त्या तीन आठवड्यांबद्दल खरं म्हणून जे काही सांगण्यासारखं आहे, त्यातलं त्यात काहीच नाही.

या अनुभवामुळे मी हे संपादकीय लिहायला घेतलं. मुलांची हजेरी, गुण, बढती, बदली हे सगळं आता संगणकात जातं. 'विद्यार्थ्यांच्या प्रगतीचा मागोवा' असं त्याला म्हणतात. आपल्या संघटनांमध्ये आरोग्य, रेशन, पोटगी, जमीन यांवर जेवढी चर्चा होते, तेवढी यावर होत नाही. हा तंत्रज्ञांचा, शिक्षकांचा विषय आहे असं आपण धरून चाललो. मला वाटतं, तो आपला विषय आहे.

थोडी माहिती आधी घेऊ. महाराष्ट्रात २०१५ साली 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम आला आणि त्याच वर्षी 'सरल' ही संगणकप्रणाली. शाळेनं प्रत्येक मुलाची माहिती तिच्यात भरायची आणि चाचण्यांचे गुणही चढवायचे. देशपातळीवर 'यूडायस' नावाची शाळांची नोंद होतीच. तिच्यात आधी वर्गवार आकडे जात, म्हणजे पाचवीत मुली किती, मुलगे किती, एवढंच. २०२२-२३ पासून तिच्यात एकेका मुलाची नावानिशी माहिती जाऊ लागली. त्यानंतर 'अपार' आला. प्रत्येक विद्यार्थ्याला बारा आकडी क्रमांक, आणि पहिलीपासून पुढच्या शिक्षणाचा सगळा हिशेब त्या क्रमांकाखाली. शिवाय खासगी शाळांचे आपापले ॲप आहेत. मूल वर्गात नसलं की पालकांच्या मोबाइलवर निरोप, चाचणीचे गुण आले की निरोप, फी थकली की निरोप.

'वर्गात मुली किती' आणि 'ही मुलगी कोण, कुठली, कुठल्या जातीची, आज आली का' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर मिळालं तर समाजाचं चित्र दिसतं. दुसऱ्याचं उत्तर ज्याच्या हाती असेल, त्याची त्या मुलीवर सत्ता चालते. गेल्या दहा वर्षांत आपण पहिल्या प्रश्नाकडून दुसऱ्याकडे आलो, आणि मध्ये कुणी थांबून विचारलं नाही की मुलींच्या दृष्टीनं यात काय काय बदललं.

काही मैत्रिणी म्हणतील, "म्हणजे आता मोजणीलाच विरोध का?" अजिबात नाही. मोजा, असं आपणच तर ओरडून सांगत आलो. १९७४ च्या 'टुवर्ड्स इक्वॅलिटी' अहवालानं जनगणनेचे आकडे समोर ठेवले, तेव्हा स्वातंत्र्यानंतर बायांची स्थिती सुधारली हा समज फुटला. गर्भलिंगनिदानाविरुद्ध आपण उभ्या राहिलो आणि १९८८ साली महाराष्ट्रात देशातला पहिला कायदा झाला. तिथेही आकडे हेच आपलं हत्यार होतं. आकडे नसतील तर आपलं दुःख हे 'एखाद्या घरातलं भांडण' ठरतं. हे आपण विसरलेलो नाही.

नोंद नीट वापरली तर मुलींचं किती भलं होईल, तेही मला दिसतं. ऊसतोडीचं घ्या. दिवाळीच्या आसपास कोयता निघतो, नवरा-बायको, मागे पोरं. मार्च-एप्रिलपर्यंत बिऱ्हाड कारखान्याच्या तळावर, पाचटाच्या कोपीत. दहा-बारा वर्षांची मुलगी धाकट्याला सांभाळते, पाणी भरते, भाकऱ्या थापते. गावच्या शाळेत तिचं नाव असतं, तळाजवळच्या शाळेला ती ठाऊक नसते. गावातून निघाली हे कळलं आणि तळावर पोचली हेही कळलं, तर दोन्हींच्या मध्ये ती हरवणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायांपैकी जवळजवळ २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. लग्न ठरलेली मुलगी बहुधा आधी शाळेतूनच नाहीशी होते. आठवीतली मुलगी सलग पंधरा दिवस दिसत नसेल, तर ती नोंद म्हणजे लग्नाआधी वाजलेली घंटा होऊ शकते.

पण ती घंटा ऐकायला कुणी आहे का? यूडायसमध्ये, ज्या मुलांना शाळेनं सोडलं आणि दुसऱ्या शाळेनं घेतलं नाही, त्यांची नावं 'ड्रॉप बॉक्स' नावाच्या कप्प्यात जाऊन बसतात. नाव अगदी योग्य आहे. आमच्या एका बैठकीत मी गटातल्या शिक्षिकांना विचारलं, या कप्प्यातल्या मुलीच्या घरी जाऊन पाहायचं काम कुणाचं? एक बाई म्हणाली, "ताई, आम्हाला कप्पा रिकामा करा असा निरोप येतो. मुलगी शोधा असा येत नाही." मला वाटतं, या सगळ्या व्यवस्थेवरची याहून चांगली टीका मी ऐकलेली नाही.

या शिक्षिकांबद्दलही बोललं पाहिजे. माहिती भरणाऱ्यांत मोठ्या संख्येनं बायाच आहेत. शाळेत जाळं नसतं, म्हणून रात्री घरी, स्वयंपाक उरकल्यावर, स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या पैशानं माहिती भरायची. मुलांचं आधार जुळलं नाही तर ते मूल पटावर असूनही संचमान्यतेत धरलं जाईल की नाही ही धास्ती, म्हणजे शिक्षकाचं पदच धोक्यात. शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमानं जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकांना अशैक्षणिक कामं लावायला मनाई केली. पण माहिती भरणं हे शैक्षणिक काम मानलं गेलं की प्रश्नच मिटला! अंगणवाडीताईंनी हे आपल्या आधी ओळखलं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रभर त्यांनी सरकारनं दिलेले निकृष्ट मोबाइल परत केले. बालकांची वजनं भरायला त्यांचा विरोध नव्हता. बिघडलेलं यंत्र आणि न समजणारी इंग्रजी यांचा बोजा आपल्या माथी का, हा त्यांचा सवाल होता.

आता घराकडे येऊ. 'पालकांना कळवलं' असं ॲप म्हणतं, तेव्हा कुणाला कळवलेलं असतं? त्याच पाहणीप्रमाणे देशात स्वतः वापरता येईल असा मोबाइल १०० पैकी ५४ बायांकडे आहे. बाकीच्या घरात निरोप कुठल्या खिशात वाजतो ते सांगायला नको. एका किशोरी शिबिरात आम्ही मुलींना विचारलं, तुमच्या शाळेचा निरोप घरी कुणाला येतो? वडील, भाऊ, काका. एक मुलगी म्हणाली, पाळी आली आणि शाळेतल्या संडासाला पाणी नव्हतं म्हणून मी मैत्रिणीच्या घरी जाऊन बसले. मी घरी पोचायच्या आधी भावाला कळलं होतं की मी शाळेत नाही. त्यानं काहीएक न विचारता मारलं. पुढच्या महिन्यात तिचं शाळेला सायकलवर जाणं बंद झालं, भाऊ सोडू-आणू लागला. निरोपात दोनच शब्द होते, 'आज गैरहजर'. शाळेच्या संडासाला पाणी नाही असा निरोप मात्र कुणाच्याच मोबाइलवर गेला नाही.

हा मला यातला सर्वांत मोठा दोष वाटतो. नजर एकाच दिशेनं जाते. मुलगी आली का हे रोज मोजलं जातं. बाई-गुरुजींची पदं रिकामी का, एसटी वेळेवर का येत नाही, याचा निरोप आईला जात नाही. पूर्वीच्या हजेरीपटावर एखादी जाणती शिक्षिका नावापुढे पेन्सिलीनं बारीक लिहून ठेवायची, 'आई बाळंतीण', 'तोडीला गेली', 'ताप'. त्या पेन्सिलीला नव्या तक्त्यात जागा नाही. कारण गेलं आणि फक्त दोष उरला. मुलीच्या नावापुढे 'अप्रगत' हा शब्द येतो, शाळेच्या नावापुढे क्वचितच येतो.

माहिती एकदा साठली की ती जिथे साठवली तिथेच राहील याचीही खात्री नाही. 'दीक्षा' या सरकारी शिक्षण ॲपवरची लाखो विद्यार्थ्यांची आणि शिक्षकांची माहिती कुलूप नसलेल्या ठिकाणी उघडी पडली होती, हे २०२३ च्या जानेवारीत उघडकीला आलं. इंग्लंडमध्ये २०१६ साली शाळांच्या नोंदीत मुलाचं राष्ट्रीयत्व आणि जन्माचा देश हे रकाने आले. शाळेची माहिती स्थलांतरितांना शोधणाऱ्या गृहखात्याकडे जाते आहे हे कळल्यावर पालकांनी ते रकाने भरायला नकार दिला आणि २०१८ मध्ये सरकारला ते काढावे लागले. अमेरिकेत 'इनब्लूम' नावाचा, अनेक राज्यांतल्या विद्यार्थ्यांची माहिती एकत्र करण्याचा प्रकल्प मोठ्या देणगीच्या बळावर सुरू झाला होता. पालकांच्या, त्यांतही आयांच्या, विरोधामुळे तो २०१४ मध्ये बंद पडला. तिथल्या आया काही संगणकतज्ज्ञ नव्हत्या. आमच्या मुलांबद्दलचं हे कुणाकुणाला कळणार, एवढा साधा प्रश्न त्यांनी सोडला नाही.

कायदा काय म्हणतो? सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये खासगीपण हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं. २०१८ च्या आधार निकालात शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचं करता येणार नाही असं स्पष्ट केलं. 'अपार'साठी पालकांची संमती लागते आणि ती मागेही घेता येते. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं अठरा वर्षांखालच्या मुलांवर पाळत ठेवायला बंदी केली. पण २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये जे नियम आले, त्यांत शिक्षणसंस्थांना शैक्षणिक कामापुरती आणि मुलांच्या सुरक्षिततेपुरती या बंदीतून सूट मिळाली. 'सुरक्षितता' हा शब्द ऐकला की आपले कान टवकारले पाहिजेत. मुलींना घरात कोंडताना आजवर हाच शब्द वापरला गेला आहे.

आणि संमती म्हणजे तरी काय? दप्तरातून एक कागद येतो, 'उद्या सही करून आण'. ज्या आईला वाचता येत नाही ती बाईंच्या विश्वासावर अंगठा देते. जिला वाचता येतं तिला 'नाही' म्हटलं तर मुलीचं काही अडेल का, ही भीती असते. नकाराची वाट मोकळी नसेल तर होकाराला संमती म्हणायचं कसं?

आपल्या एकट्या राहणाऱ्या बायांची आणखी एक अडचण आहे. १९९९ मध्ये गीता हरिहरन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं आई हीसुद्धा मुलाची नैसर्गिक पालक आहे असा कायद्याचा अर्थ लावला. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आईचं नाव आधी आणि मग वडिलांचं, असा निर्णय महाराष्ट्र सरकारनं घेतला. हे आपल्या लढ्याचं फळ आहे, त्याचा आनंदच आहे. पण आजही खिडकीपाशी परित्यक्ता बाईला विचारतात, "वडिलांचा मोबाइल नंबर?" नाव कागदावर चढलं, तरी निरोप जुन्याच दाराशी जातो. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याखाली न्यायालय मारकुट्या बापाला मुलाच्या शाळेत यायला मनाई करू शकतं. त्या मनाईची खबर संगणकाला कोण देणार? तिथे तर तो अजून 'पालक'च आहे.

काही जण म्हणतील, दाखला हातानं आणायचा तेव्हाही जुन्या शाळेला कळायचंच. खरं आहे. पण शिक्षण हक्क कायद्यानं दाखला यायला उशीर झाला म्हणून मुलाला अडवता येत नाही. त्या आधारानं आम्ही कितीतरी मुलींना आधी वर्गात बसवलं आणि आईचं बस्तान बसल्यावर, न्यायालयाचा हुकूम हाती आल्यावर, दाखला मागवला. बाईला श्वास घ्यायला जेवढा अवधी लागतो, तेवढा त्या कागदी दिरंगाईनं दिला होता. नव्या वेगानं तोच हिरावला.

म्हणून आम्हा मैत्रिणींच्या चर्चेतून काही मागण्या पुढे आल्या आहेत. त्या पक्क्या नाहीत, तुमच्या सूचनांसाठी मांडते आहे :

१. हिंसेमुळे घर सोडलेल्या आईच्या मुलांची बदलीची नोंद गुप्त ठेवण्याची सोय हवी. नव्या शाळेचं नाव जुन्या शाळेला दिसता कामा नये. संरक्षण अधिकाऱ्याचं वा संस्थेचं पत्र त्यासाठी पुरेसं धरावं.

२. निरोप कुणाला जावा हे आईनं, आणि मोठ्या वर्गात मुलीनंही, ठरवावं. मोबाइल नसेल तर शिक्षकानं आईला भेटून सांगावं.

३. गैरहजेरीबरोबर कारणाची जागा हवी, आणि त्याच तक्त्यात शाळेचीही हजेरी हवी : पाणी, संडास, शिक्षक, एसटी.

४. मुलगी सलग गैरहजर असेल तर पहिली भेट शिक्षिका, अंगणवाडीताई किंवा आशाताईनं घ्यावी, आणि त्यांना त्या कामाचा मोबदला मिळावा.

५. संमतीचा कागद मराठीत आणि मुलांच्या घरच्या बोलीत समजावून सांगावा. 'नाही' म्हणणाऱ्या पालकाचं काही अडणार नाही असं त्यावर छापलेलं असावं.

६. गाव, वस्ती, तालुका यांचे एकत्रित आकडे, नावं वगळून, शाळा व्यवस्थापन समितीला आणि महिला ग्रामसभेला मिळावेत. ते आकडे आपले आहेत.

शेवटी आपल्या घरातलंही सांगायला हवं. आमच्या सल्ला केंद्राचे केसपेपर वर्षानुवर्षं एका लोखंडी कपाटात होते आणि किल्ली दोघींकडे असायची. मदत देणाऱ्या संस्थेनं अहवाल मागितला, म्हणून मागच्या वर्षी आम्हीही ते संगणकावर चढवायला घेतले. नावं, पत्ते, नवऱ्याचं नाव, सगळं. त्या बाईची हकिगत ऐकल्यावर आम्ही काम थांबवलं आणि बैठक घेतली. कुणाला काय दिसणार, किती वर्षांनी काय पुसायचं, बाईनं 'माझं नाव काढा' म्हटलं तर काढता येईल का? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे तयार नव्हतं. शाळांना विचारण्याआधी स्वतःला विचारावं लागलं. आता नावं कपाटातच राहतात, संगणकात फक्त क्रमांक. हे पुरेसं आहे की नाही, माहीत नाही.

मला माझं प्रगतिपुस्तक आठवतं. चौकोनात 'पालकांची सही' असं छापलेलं असायचं. वडील सही करायचे. आई पदराला हात पुसून ते पुस्तक हातात घ्यायची, उलटंपालटं करून बघायची आणि विचारायची, "बाई काय म्हणाल्या?" तिला गुण वाचता येत नव्हते, पण माझं शिकणं कसं चाललंय हे विचारणारी घरात तीच होती. आजच्या सगळ्या यंत्रांत तिच्या या प्रश्नाला जागा कुठे आहे, ते मी शोधते आहे.

ती सातवीतली मुलगी आता पुन्हा शाळेत जाते. न्यायालयाचा हुकूम मुख्याध्यापकांच्या खणात आहे, पण संगणकात अजून चढलेला नाही, कारण त्यासाठी रकानाच नाही. तो रकाना आपल्याला मागावा लागेल.

तुमच्या भागात काय अनुभव आहेत? शिक्षिका मैत्रिणींनी, किशोरी गटातल्या मुलींनी, एकट्या राहणाऱ्या बायांनी जरूर लिहावं. नाव छापू नका असं लिहिलंत तर ते छापणार नाही. तुमचा कागद कपाटात राहील, किल्ली दोघींकडेच.